बारा हजारांत लांबची लेन्स कोणती घ्यावी?

वाचकांचे प्रश्न : कॅमेरा आणि छायाचित्रण

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सावद्याजवळच्या एका गावात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, घरची केळी आहे. मागच्या दिवाळीला कॅनन १५००डी घेतला, त्यासोबत १८-५५ लेन्स आली. आता पक्ष्यांचं वेड लागलंय. हिवाळ्यात हतनूर धरणावर जातो, पण फोटोत बदकं म्हणजे नुसते ठिपके येतात. शाळेतल्या मुलांची कबड्डी आणि सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडेसुद्धा टिपायचे आहेत. बारा हजारांच्या वर मला जाता येणार नाही. ऑनलाइन नवी ७५-३०० तेवढ्यात बसते. एक मित्र म्हणतो, वापरलेली ५५-२५० घे. मामेभाऊ म्हणतो, "घ्यायची तं एकदाच मोठी घे भो, १५०-६००." शिवाय आहे त्या लेन्सच्या तोंडावर लावायचं २एक्स भिंगही स्वस्तात मिळतंय. काय करू?

उत्तर : भाऊ, मित्राचं ऐका. वापरलेली ५५-२५० घ्या, आणि तिच्या अंगावर 'आयएस' (हाताची थरथर शोषून घेणारी सोय) आणि 'एसटीएम' (फोकसची शांत, चपळ मोटर) अशी दोन्ही अक्षरं आहेत ना, ते वाचूनच पैसे द्या. नवी तुमच्या बजेटात बसणार नाही, वापरलेली चांगली मिळून जाते.

लेन्सवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरमधली फोकल लेंथ, तो जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. आता तुमच्या मनात येईल, ३०० हा आकडा २५० पेक्षा मोठा, वर लेन्स कोरी, मग ती का नको? तुम्ही मास्तर आहात, तर हिशोबच मांडू. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद आहे. वीस मीटरवर तारेवर खंड्या बसलाय, साधारण सतरा सेंटिमीटरचा. आत्ताची लेन्स ५५ ला नेलीत, तर त्या अंतरावर फ्रेममध्ये आठ मीटर रुंदीचं दृश्य मावतं. त्यात सतरा सेंटिमीटरचा जीव शोधावाच लागणार. २५० ला तीच रुंदी पावणेदोन मीटरवर येते, म्हणजे खंड्या फ्रेमचा जवळजवळ दहावा भाग व्यापतो. आणि ३०० ला? दीड मीटर. म्हणजे ५५ वरून २५० ला गेलात की पक्षी साडेचार पट मोठा होतो, पण २५० वरून ३०० ला गेलात की जेमतेम एक पंचमांश वाढतो. त्याच्या उलट, २५० लेन्स घेऊन तुम्ही वीस मीटरचे दहा मीटर केलेत, तर पक्षी थेट दुप्पट. ते काम तुमच्या पायांचं आणि धीराचं आहे, त्याला पैसे लागत नाहीत.

या एक पंचमांशासाठी ७५-३०० काय काय काढून घेते ते बघा. ती १९९९ सालची रचना आहे आणि तिच्यात आयएस नाही. जुना ठोकताळा असा, की शटर स्पीड फोकल लेंथच्या उलट्या आकड्याइतका तरी हवा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे त्याला १.६ ने गुणायचं. ३०० ला हा आकडा ४८० येतो, म्हणजे हातात धरून १/५०० च्या खाली उतरायचं नाही. सकाळी सात वाजता, केळीच्या सावलीत, एफ ५.६ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडून, १/५०० हवा असेल तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) इतका चढवावा लागतो की पक्ष्याच्या पिसांची भुकटी होते. ५५-२५० एसटीएमचा आयएस कॅननच्या मापाने साडेतीन स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आपण तीनच धरू. शांत बसलेला पक्षी १/५० ला सुद्धा हातात धरून टिपता येतो. आयएसओ ३२०० च्या जागी ४०० वर काम होतं. हा फरक प्रिंटमध्ये कोणीही लांबून ओळखेल.

दुसरी गोष्ट, ७५-३०० चं चित्र ३०० वरच सगळ्यात मऊ पडतं. पांढऱ्या बगळ्याच्या कडेने जांभळट रेघ दिसते. म्हणजे ज्या आकड्यासाठी ती घ्यायची, तिथेच ती कच्ची. ५५-२५० ने काढलेला फोटो कॉम्प्युटरवर थोडा कापून मोठा केला, तर तो तिच्या ३०० च्या फोटोपेक्षा नीटच दिसतो. आणि तिसरं म्हणजे ती दीड मीटरच्या आत फोकसच करत नाही. ५५-२५० एसटीएम ८५ सेंटिमीटरपर्यंत येते. आता तुमच्या घरी केळी आहे म्हणून एक मुद्दाम सांगते.

केळफूल अजून कापलेलं नाही अशा घडाजवळ सकाळी जाऊन बसा. शिंजीर मध प्यायला येतोच येतो. तो केळफुलाला उलटा लटकतो, एक लाल पाकळी उचलली गेली की तिच्याखालच्या फुलांच्या फणीत चोच घालतो आणि एकेक फूल तपासत पुढे सरकतो. माणूस हलला नाही तर चार मीटरवर त्याला फारशी भीती वाटत नाही. चार मीटरवर, २५० ला, तुमच्या फ्रेमची रुंदी फक्त छत्तीस सेंटिमीटर असते आणि शिंजीर दहा सेंटिमीटरचा. म्हणजे पाव फ्रेमपेक्षा जास्त पक्षी, सोबत केळफुलाचा तो गडद जांभळा रंग. नराच्या अंगावरची निळी-जांभळी चमक सगळ्या कोनांतून दिसत नाही, मान वळली की एकदम पेटते आणि पुढच्या क्षणी तो काळा दिसतो. तेव्हा एकच फोटो काढून थांबू नका. दोन लाखांची लेन्स घेऊन गाडीने अभयारण्यात जाणाऱ्यालाही असा पक्षी असा मिळेलच असं नाही, आणि तुमच्या बांधावर तो रोज येतोय. केळफुलं कापायला मजूर कधी येणार ते घरी विचारून ठेवा, त्याच्या आधीचे दिवस सोडू नका.

आता वापरलेली लेन्स बघायची कशी, ते सविस्तर सांगते, कारण फसगत इथेच होते. सौदा कुरियरने करू नका. जळगाव, भुसावळ, फार तर छत्रपती संभाजीनगर-नाशिक, पण समोरासमोर आणि दिवसा. स्वतःचा कॅमेरा, चार्ज केलेली बॅटरी, मोबाइलचा टॉर्च आणि घरातलं एक वर्तमानपत्र न्या.

आधी नाव वाचा. ५५-२५० तीन आल्या : २००७ ची आयएस, २०११ ची आयएस २, आणि २०१३ ची आयएस एसटीएम. पहिल्या दोन स्वस्त मिळतात, वाईट नाहीत, पण फोकस घरघर करत हळू जातो आणि फोकस करताना पुढचं तोंड फिरतं. पाखरू उडत असेल तर एसटीएमच हवी. मग दोन्हीकडची झाकणं काढा. कॅननच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) कॅमेऱ्यावरून काढल्यावर पूर्ण उघडं राहतं, त्यामुळे आरपार बघायला सोपं जातं. मागून तिरका टॉर्च मारा आणि पुढून बघा. धुळीचे चार-पाच कण दिसतील, त्यांची काळजी नको, फोटोत ते येत नाहीत. पण काचेच्या कडेपासून आत पसरलेले बारीक पांढरे धागे, फांद्या फुटल्यासारखे, दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही पाडली तरी ती लेन्स ठेवून द्या. आणि आत सगळीकडे सारखं धुकं दिसलं तरीही.

झूमची रिंग ५५ पासून २५० पर्यंत सावकाश फिरवा, कान जवळ नेऊन. कर्रकर्र वाजलं तर आत वाळू गेलीय. बाहेर आलेली नळी किंचित हलते, ते चालतं. फोकसची रिंग फिरवली आणि आत काहीच हललं नाही म्हणून घाबरू नका. एसटीएममध्ये ती रिंग विजेवर चालते, कॅमेरा चालू असल्याशिवाय काही होत नाही.

मग आपल्या कॅमेऱ्याला लावा. २५० ला नेऊन बटण अर्धं दाबा. व्ह्यूफाइंडरमधलं थरथरणारं चित्र क्षणभरात एकदम स्थिर झालं पाहिजे. आयएसचं बटण बंद करून पुन्हा बघा, चित्र नाचायला लागेल. दोन्हीत फरक नसेल तर आयएस गेलाय, आणि मग ही लेन्स घेण्यात अर्थ उरत नाही. वर्तमानपत्र उघडून भिंतीला चिकटवा, समोर सरळ उभे राहा, एफ ५.६ आणि एफ ८ वर फोटो काढा. स्क्रीनवर मोठं करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ठीक. एकच बाजू पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. 'एरर ०१' असा संदेश आला तर मागचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसून पुन्हा लावा. तरीही आला तर तिथेच विषय संपवा. विकणारा माणूस घाई करत असेल तर चहा मागवा आणि सगळं पुन्हा एकदा बघा.

वाचलेल्या पैशांतून आधी ईटी-६३ हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी कडी, घ्या. कॅनन तो डब्यात देत नाही. उजेड आडवा येत असताना हूडने रंगांत जीव राहतो, आणि लेन्स आपटली तर मार हूडला बसतो. स्वस्त यूव्ही फिल्टर मात्र लावू नका. लांबच्या लेन्सपुढे हलकी काच आली की धार जाते, आणि दोष लेन्सच्या माथी येतो.

२एक्स भिंगाचं एका वाक्यात : नका घेऊ. मधला थोडा भाग बरा दिसतो, बाकी कडांना रंग फुटतात. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा खरा टेलिकन्व्हर्टर वेगळा. पण कॅननचा टेलिकन्व्हर्टर या लेन्सला बसतच नाही, आणि दुसरा कुठला २एक्स बसवलात तरी एफ ५.६ चं एफ ११ होऊन तुमच्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस बंद पडतो.

मामेभावाची १५०-६०० वाईट नाही. ती पक्ष्यांचीच लेन्स आहे. पण तिचं वजन दोन किलोच्या आसपास. तुमचा कॅमेरा अर्ध्या किलोचाही नाही. आणि १५० च्या खाली तिला येता येत नाही, म्हणजे कबड्डीत फक्त मुलांची नाकं दिसतील. तुमच्या बजेटच्या कितीतरी पट पैसे लागतील ते वेगळंच. दोन-तीन हिवाळे ५५-२५० वर काढा. तोवर तुम्हाला पक्ष्यांचंच करायचं की माणसांचं, हे तुमचं तुम्हाला समजेल.

हतनूरचं थोडं वेगळं सांगावं लागेल, कारण तिथे नुसत्या लेन्सने भागत नाही. चक्रवाक पासष्ट-सहासष्ट सेंटिमीटरचा मोठा पक्षी, पण तो साठ मीटरवर असेल तर २५० ला फ्रेमच्या आठव्या भागाएवढाच दिसणार. थापट्या तर त्याहून लहान. जवळ जायला गेलात की सगळा थवा उठतो, आणि हजारो मैल उडून आलेल्या पाखरांना फोटोसाठी उडवणं बरं नव्हे. तेव्हा उजाडायच्या आधी काठावर जाऊन बसा, सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा, मातकट रंगाचे कपडे घाला आणि त्यांना तुमच्याकडे येऊ द्या. थापट्या पाणी गाळत गाळत काठापर्यंत येतात. कॅमेरा डोक्याच्या उंचीवर नको, जमिनीलगत धरा. पाण्याच्या पातळीवरून काढलेल्या फोटोत बदक ठिपका राहत नाही, मागचं पाणी धूसर होतं आणि ते एकटं उठून दिसतं.

आणि ऊन चढलं की थांबा. आपल्या खान्देशात हिवाळ्यातही दहाच्या सुमाराला जमिनीवरून आणि पाण्यावरून झळा उठायला लागतात. लांबची लेन्स त्या झळा पक्ष्याइतक्याच मोठ्या करून दाखवते. मग फोटो थरथरल्यासारखा, वितळल्यासारखा येतो, आणि लोक लेन्स दुरुस्तीला घेऊन जातात. लेन्समध्ये काही बिघडलेलं नसतं, हवा स्थिर नसते. त्याला स्टॅबिलायझर उपयोगी नाही, ट्रायपॉड नाही, सहा लाखांची लेन्सही नाही. चैत्र-वैशाखात तर साडेआठलाच आटोपतं घ्यावं.

सेटिंगचं : टीव्ही मोड ठेवा, त्यात शटर स्पीड आपण ठरवायचा. बसलेल्या पक्ष्याला १/५००, उजेड कमी असेल तर उतरा, उडणाऱ्याला १/१६००. आयएस फक्त तुमच्या हाताची थरथर थांबवतो, पक्ष्याचे पंख थांबवत नाही, हे शिकाऊंच्या लक्षात येत नाही. तुमच्या कॅमेऱ्यात फोकसचे नऊ बिंदू आहेत, त्यातला मधला सगळ्यात भरवशाचा. तोच निवडा, उडत्यासाठी एआय सर्व्हो, म्हणजे हलत्या पक्ष्याच्या मागे सतत फिरणारा फोकस, लावा. सेकंदाला तीनच फोटो निघतात, म्हणून बटण दाबून धरण्यापेक्षा वेळ साधायला शिका.

कबड्डीला ५५ ते १३५ पुरे, मैदानावर, चार-साडेचारच्या उन्हात. हॉलमध्ये ही लेन्स अंधारी पडेल, तिथे पुढे कधीतरी ५० एफ १.८ घ्या. सारंगखेड्याला वीस मीटरवरचा अख्खा घोडा २५० ला मावतच नाही, १५० च्या आसपास या. रेवाल चालीत पाय इतके झरझर पडतात की १/१००० लागतो. यात्रेच्या धुळीत लेन्स बदलू नका, निघतानाच ५५-२५० चढवून जा.

पावसाळ्यात लेन्स चामडी पिशवीत किंवा कपाटात ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरतं. आता दुकानदाराला फोन करायच्या आधी भुसावळ-जळगावच्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या मुलांना विचारा. त्यांच्यातले बरेच जण मोठ्या कॅमेऱ्यावर गेलेत आणि ही लेन्स त्यांच्याकडे पडून असते.

प्रश्न : मी धुळ्याची. नकाणे तलावावर आणि लळिंगच्या कुरणात जाते. भावाचा जुना निकॉन डी३१०० वापरते. सगळीकडे चांगलं लिहिलंय म्हणून निकॉनची एएफ-पी ७०-३०० व्हीआर मागवली. ती फोकसच करत नाही, हातानेही होत नाही. लेन्स खराब आली का?

उत्तर : नाही ताई, लेन्स चांगली आहे, जोडी जुळली नाही. एएफ-पी लेन्सचा फोकस पूर्णपणे कॅमेऱ्याच्या आज्ञेवर चालतो आणि डी३१०० ला ती भाषा येत नाही. डी५१००, डी७००० यांचंही तेच. म्हणून हाताने रिंग फिरवूनही काही होत नाही. परत करायची मुदत असेल तर आजच परत करा, डबा-कागद सगळ्यासह. त्याऐवजी 'एएफ-एस' लिहिलेली ५५-२०० व्हीआर किंवा ५५-३०० व्हीआर घ्या, दोन्ही तुमच्या कॅमेऱ्यावर नीट चालतात. व्हीआर म्हणजे निकॉनचा आयएस. ५५-३०० थोडी जड आणि फोकसला सावकाश, पण कुरणातल्या चंडोल-तित्तिरांसाठी मी तीच घेईन. नुसतं 'एएफ' लिहिलेली जुनी ७०-३०० कोणी अगदी स्वस्तात देईल. ती घेऊ नका. तिच्यात मोटर नाही आणि तुमच्या कॅमेऱ्यातही नाही, प्रत्येक फोटोला हातानेच फोकस करावा लागेल. आणि कोणी डी३५०० किंवा डी५६०० वाला जुळणारी लेन्स शोधत असेल, तर त्याच्यासाठी तुम्ही मागवलेली एएफ-पी ७०-३०० उत्तम आहे, फक्त नावात व्हीआर आहे ना ते बघावं. बिनव्हीआरची दिसायला अगदी तशीच असते.

प्रश्न : मी शहाद्याचा. कॅनन आर५० आहे, १८-४५ लेन्ससह. तोरणमाळच्या बाजूला रानपिंगळा टिपायचा आहे. आरएफ-एस ५५-२१० घेऊ की आरएफ ७५-३००? मोबाइलवर आवाज वाजवला की तो समोर येतो म्हणतात, ते खरं का?

उत्तर : आवाज वाजवू नका, एकदाही नाही. १८८४ नंतर ज्याचा खात्रीचा पुरावा शंभरावर वर्षं कोणाला मिळाला नव्हता, तो हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तुमच्याच शहाद्याजवळ पुन्हा दिसला. आवाज ऐकला की त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला, आणि तो खाणं-पिल्लं सोडून त्याच्यामागे लागतो. गरजही नाही. इतर घुबडांसारखा हा रात्रीची वाट बघत नाही, दिवसाउजेडी निष्पर्ण फांदीवर बसून असतो, पुष्कळ वेळ. वनखात्याची परवानगी आणि गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्या. ढोली दिसली तर तिच्यासमोर ठाण मांडू नका.

लेन्स ५५-२१० घ्या. आर५० च्या अंगात स्टॅबिलायझर नाही आणि आरएफ ७५-३०० मध्येही नाही, तेव्हा वर सावद्याच्या भाऊंना सांगितलं तेच तुम्हालाही लागू. ५५-२१० मध्ये आयएस आहे आणि वजन पाव किलोच्या थोडंसंच वर, डोंगर चढताना ते कळतं. थोडी जास्त पोहोच हवी असेल तर कॅननचा ईएफ-ईओएस आर अ‍ॅडॉप्टर लावून वापरलेली ५५-२५० एसटीएम चालते. त्या अ‍ॅडॉप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे उजेड किंवा धार काहीच कमी होत नाही. ५५-२१० दुसऱ्या टोकाला एफ ७.१ ची आहे, म्हणजे दाट पानांत अंधारी. फेब्रुवारीनंतर सागाची पानं झडून उजेड जमिनीपर्यंत येतो, तेव्हा ती पुरते.